‘शून्य’ म्हणजे नेमकं किती? वेठबिगारीविरोधी कायदे आणि लॅबमधले निळे ग्लोव्ह्ज

लॅबमध्ये नवीन आलेल्या एमएस्सीच्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट बजावून सांगते. पाण्याच्या नमुन्यात शिसं सापडलं नाही, तर रिपोर्टमध्ये ‘०’ लिहायचं नाही. ‘बीडीएल’ लिहायचं, म्हणजे बिलो डिटेक्शन लिमिट, आणि शेजारी ती लिमिट किती तेही लिहायचं. आपल्या यंत्राला दिसलं नाही, एवढंच आपल्याला माहीत असतं. शिसं नाहीच, असं आपण म्हणू शकत नाही.

हे सांगताना आम्हा सगळ्यांच्या हातांत निळे नायट्राइल ग्लोव्ह्ज असतात. दिवसाला चार-पाच जोड्या सहज कचऱ्यात जातात. मागच्या वर्षी खोक्यावर ‘मेड इन मलेशिया’ वाचून मी आमच्या पुरवठादाराला ईमेल केली, की हे बनवणाऱ्या कामगारांबद्दल तुमच्याकडे काही माहिती आहे का? उत्तरादाखल एक पानी पत्र आलं. आमच्या पुरवठा साखळीत सक्तीच्या मजुरीची एकही घटना आढळलेली नाही, असं त्यात होतं.

एकही नाही. म्हणजे ‘०’. पद्धत कोणती, नमुना किती, लिमिट किती, काहीच नाही. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने असा रिपोर्ट दिला असता तर मी तो परत पाठवला असता.

गेल्या पंधराएक वर्षांत पुरवठा साखळीतल्या वेठबिगारीविरुद्ध बरेच कायदे झाले. माझा आक्षेप असा आहे की त्यातल्या अनेक कायद्यांनी असं ‘शून्य’ लिहून द्यायची सोय करून ठेवली. आणि त्या कायद्यांचा अभ्यास करणारेही बऱ्याचदा तेच ‘शून्य’ मोजत बसले. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. पण मोजमाप कुठे चुकतं, हे ओळखायला कायद्याची पदवी लागत नाही.

आधी कायद्यांची ओळख, थोडक्यात

ढोबळमानाने तीन प्रकार धरा.

पहिला प्रकार ‘सांगा’. मोठ्या कंपनीने साखळीतल्या गुलामगिरीविरुद्ध काय केलं ते जाहीर करायचं. कॅलिफोर्नियाचा २०१० चा, ब्रिटनचा २०१५ चा आणि ऑस्ट्रेलियाचा २०१८ चा कायदा या प्रकारातले.

दुसरा ‘काळजी घ्या’. धोका शोधायचा, तो कमी करायचा आणि हे केलं नाही तर जबाबदार धरलं जाईल. फ्रान्सचा २०१७ चा आणि जर्मनीचा २०२३ पासून लागू झालेला कायदा इथे येतात.

तिसरा ‘अडवा’. सक्तीच्या मजुरीतून आलेला माल सीमेवरच थांबवायचा. अमेरिकेच्या १९३० च्या टॅरिफ कायद्याचं कलम ३०७ हे याचं जुनं उदाहरण. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये असाच नियम केला आहे, तो डिसेंबर २०२७ पासून लागू होईल.

या लेखात मी मुख्यतः पहिल्या आणि तिसऱ्या प्रकाराची तुलना करणार आहे. ग्लोव्ह्जच्या धंद्यात हे दोन्ही एकाच काळात, एकाच मालाबाबत अस्तित्वात होते. अभ्यासकाला अशी संधी वारंवार मिळत नाही.

कलम ५४: निवेदन द्या आणि मोकळे व्हा

ब्रिटनच्या मॉडर्न स्लेव्हरी अ‍ॅक्टचं कलम ५४ सांगतं की वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपनीने दरवर्षी एक निवेदन काढावं. संचालक मंडळाने ते मंजूर करावं, संचालकाने सही करावी आणि वेबसाइटच्या पहिल्या पानावर त्याची लिंक द्यावी.

पण निवेदनात काय असावं? तर गुलामगिरी रोखण्यासाठी कोणती पावलं उचलली ते. किंवा, कोणतीच पावलं उचलली नाहीत, असं. मी गंमत करत नाहीये. ‘आम्ही काहीही केलेलं नाही’ असं सही करून जाहीर केलं तरी कलम ५४ पाळलं गेलं असं होतं.

निवेदन दिलंच नाही तर? सरकार न्यायालयाकडून कंपनीविरुद्ध आदेश मागू शकतं. २०१९ मध्ये या कायद्याचा स्वतंत्र आढावा घेतला गेला, तेव्हा कायद्याच्या कक्षेतल्या अंदाजे ४० टक्के कंपन्या तो पाळतच नव्हत्या. तोवर आदेश मागायचा अधिकार सरकारने एकदाही वापरला नव्हता.

ऑस्ट्रेलियाने यातून धडा घेऊन निवेदनात काय काय हवं याची यादी सक्तीची केली, पण दंड ठेवला नाही. तिथला आढावा २०२३ मध्ये आला. त्याचा निष्कर्ष असा, की गुलामगिरीच्या परिस्थितीत जगणाऱ्या माणसांच्या आयुष्यात या कायद्याने ठोस बदल झाल्याचा पक्का पुरावा मिळत नाही.

आता संशोधनाकडे या. या कायद्यांवरचे पेपर वाचायला घेतलेत तर एक पद्धत पुन्हा पुन्हा भेटेल. कंपन्यांची निवेदनं गोळा करा, निकषांची यादी करा, प्रत्येक निवेदनाला गुण द्या आणि वर्षागणिक गुण वाढले का ते पाहा. डेटा फुकट, इंग्रजीत, पीडीएफमध्ये. हे अभ्यास निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. कंपन्या काय लपवतात हे त्यातून कळतं. पण गुण वाढले म्हणून ‘कायदा काम करतोय’ असा निष्कर्ष निघाला, की तिथे उडी मारली गेली. निवेदन सुधारलं याचा अर्थ निवेदन लिहिणारा माणूस सुधारला, एवढाच. कामगाराचा त्यात अजून पत्ताच नाही.

ग्लोव्ह्जची टाइमलाइन

आता मलेशिया. कोव्हिडच्या आधी जगातले जवळपास दोन तृतीयांश रबर ग्लोव्ह्ज या एका देशातून येत. टॉप ग्लोव्ह ही त्यातली सगळ्यात मोठी कंपनी. कारखान्यांतले बरेच कामगार नेपाळ, बांगलादेश अशा देशांतून आलेले.

हे कामगार अडकतात कसे? नोकरी मिळवून देणाऱ्या एजंटला त्यांनी गावीच पैसे भरलेले असतात. त्यासाठी सावकाराकडून व्याजाने कर्ज काढलेलं, कधी जमीन गहाण ठेवलेली. मलेशियात पोहोचल्यावर कळतं की काम सांगितल्यापेक्षा वेगळं, ओव्हरटाइम अफाट. पण परत जाता येत नाही. कर्ज फिटेपर्यंत पाय बांधलेले. त्यात पासपोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर विषयच संपला.

इथे डिटेक्शन लिमिटचा मुद्दा नीट समजून घ्या. कारखान्यात येणारा ऑडिटर काय पाहतो? पगारपत्रक. त्यात एजंटच्या फीची कपात कुठेच नसते, कारण ते पैसे कामगार रुजू होण्याआधी, दुसऱ्या देशात, रोखीने गेलेले असतात. ऑडिटर प्रामाणिक असला तरी त्याच्या तक्त्यात शून्यच येणार. हे कर्ज त्याच्या यंत्राच्या रेंजमध्येच नाही.

घटनाक्रम असा आहे:

- डिसेंबर २०१८: ब्रिटिश वृत्तपत्र गार्डियनमध्ये टॉप ग्लोव्हच्या कामगारांच्या परिस्थितीवर बातम्या. त्यानंतर कंपनीचं धोरण आलं, की २०१९ पासून नवीन कामगारांकडून भरती शुल्क घेतलं जाणार नाही. आधीच कर्जात असलेल्यांचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.
- जुलै २०२०: अमेरिकी कस्टम्सने कंपनीच्या दोन उपकंपन्यांचा माल अडवायचा आदेश काढला. कारणं होती कर्जात बांधून ठेवणं, अति ओव्हरटाइम, ओळखपत्रं काढून घेणं आणि राहण्या-कामाची वाईट अवस्था.
- ऑगस्ट २०२०: जुन्या कामगारांना शुल्क परत द्यायला सुरुवात.
- नोव्हेंबर २०२०: कंपनीच्या वसतिगृहांत कोव्हिडचा मोठा उद्रेक. पाच हजारांच्या वर कामगार बाधित.
- मार्च २०२१: अमेरिकेने पुढचं पाऊल टाकलं. सक्तीची मजुरी होत असल्याचा औपचारिक निष्कर्ष जाहीर झाला, आता माल जप्तही करता येणार होता.
- सप्टेंबर २०२१: बंदी उठली. कस्टम्सच्या म्हणण्यानुसार तोवर कामगारांना ३ कोटी डॉलरहून जास्त रक्कम दिली गेली होती.

या सगळ्या काळात ब्रिटनचा २०१५ चा कायदा लागूच होता. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतही मलेशियाचे ग्लोव्ह्ज वापरले जात होते. पण कलम ५४ हे व्यापारी संस्थांसाठी. सरकारी खरेदी त्यात येत नव्हती. ती उणीव भरायला ब्रिटनला २०२२ च्या आरोग्य कायद्यात वेगळं कलम घालावं लागलं.

मग बंदीनेच काम झालं का? थांबा जरा

टाइमलाइन वाचून ‘बंदी घातली, महिन्याभरात पैसे परत मिळाले, विषय संपला’ असं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण रिव्ह्यूअर म्हणून वाचा.

एक, महामारी. ग्लोव्ह्जचे भाव गगनाला भिडले होते आणि कंपनी तिच्या इतिहासातला सर्वाधिक नफा कमावत होती. खिसा भरलेला असताना शुल्क परत करणं सोपं जातं. मंदीत हाच आदेश आला असता तर हेच झालं असतं का?

दोन, कंट्रोल ग्रुप. हार्टालेगा आणि कोसान या मलेशियाच्या इतर मोठ्या ग्लोव्ह कंपन्या. त्यांच्यावर अमेरिकी बंदी नव्हती, तरी त्यांनीही त्याच सुमारास शुल्क परत करायची घोषणा केली. याचा अर्थ बंदीची गरज नव्हती असा लावायचा, की शेजारच्याला बंदी बसलेली पाहून हे घाबरले असा? दोन्ही वाचनं शक्य आहेत. दुसरं खरं असेल तर ‘बंदी नसलेल्या कंपन्या’ हा कंट्रोल ग्रुप दूषित आहे, आणि साधी तुलना करून बंदीचा परिणाम आपण कमीच मोजू.

तीन, निर्देशक. ऑगस्टमध्ये पैसे परत मिळू लागले आणि नोव्हेंबरमध्ये वसतिगृहांत आजार पसरला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, म्हणजे आयएलओ, सक्तीच्या मजुरीची ११ लक्षणं मानते. एक लक्षण सुधारत असताना दुसरं तसंच राहू शकतं. तुमचा आउटकम व्हेरिएबल ‘परत दिलेली रक्कम’ असेल तर वसतिगृह तुम्हाला दिसणारच नाही.

एवढं सगळं गृहीत धरूनही माझं मत बंदीच्या बाजूने झुकतं. कारण सोपं आहे. वर्तमानपत्राच्या दबावाने पुढच्या भरतीचं धोरण बदललं. जुन्या कामगारांच्या हातात पैसे पडू लागले ते माल अडल्यावर. कलम ३०७ मध्ये कस्टम्सला पक्का पुरावा नाही, तर रास्त संशयापुरती माहिती असली की पुरते. त्यानंतर तीन महिन्यांत माल स्वच्छ आहे हे आयातदाराने सिद्ध करायचं, नाहीतर तो परत न्यायचा. गप्प बसलं तर नुकसान कंपनीचं होतं. कलम ५४ मध्ये गप्प बसलं तर कोणाचंच काही बिघडत नाही. म्हणजे बिघडतं, पण ते कामगाराचं.

‘अडवा’ कायद्याचेही दोष आहेत

मूळ कलम ३०७ कामगारांच्या कळवळ्यापेक्षा अमेरिकी उत्पादकांना स्वस्त परदेशी मालापासून वाचवण्यासाठी आलं होतं. म्हणूनच त्यात एक मोठी सूट होती. देशातलं उत्पादन मागणीला पुरत नसेल तर सक्तीच्या मजुरीचा मालही चालेल! ही सूट २०१६ मध्ये काढली गेली, तोवर कलम जवळजवळ झोपलेलंच होतं.

शिवाय बंदी घालायची की उठवायची हे ठरवताना कामगार पक्षकार नसतो. डब्ल्यूआरपी या दुसऱ्या मलेशियाच्या ग्लोव्ह कंपनीवरची बंदी मार्च २०२० मध्ये उठली. तेव्हा अमेरिकेत ग्लोव्ह्जची टंचाई सुरू होत होती. कारण काय ते कस्टम्सने सांगितलं, की कारखान्यात सुधारणा झाली. पण तारीख डोळ्यांआड करून हा डेटा वापरू नका. आणि बंदी फक्त अमेरिकेच्या बंदरांवर होती. बाकीचे बाजार उघडेच होते.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक. २०२२ पासून लागू झालेल्या अमेरिकी कायद्यानुसार चीनच्या शिनजियांगमधून आलेला माल सक्तीच्या मजुरीचाच आहे असं गृहीत धरतात, उलट सिद्ध करायचं ते आयातदाराने. तिथल्या कापसासाठी आयसोटोप चाचणी वापरली जाते. हे तंत्र सुंदर आहे, पण ते कापूस कुठे पिकला एवढंच सांगतं. तो कोणी, कोणत्या परिस्थितीत वेचला हे धाग्यात नोंदलेलं नसतं. कायद्याने आधीच भूगोलाला गृहीतक जोडलं आहे, म्हणून ती चाचणी तिथे चालते. मलेशियाच्या ग्लोव्ह्जसाठी अशी कोणतीच चाचणी नाही.

आणि आपल्याकडे?

पुराव्याचा भार उलटवणं ही कल्पना अमेरिकेची नवीन आहे असं वाटत असेल तर १९७६ चा आपला वेठबिगार पद्धत संपवणारा केंद्रीय कायदा काढून वाचा. कलम १५: एखादं कर्ज वेठबिगारीचं आहे असा दावा मजुराने किंवा दक्षता समितीने केला, तर ते तसं नाही हे धनकोने सिद्ध करायचं. त्यापुढे १९८२ मध्ये, एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करावं लागणं हीसुद्धा राज्यघटनेच्या कलम २३ नुसार सक्तीची मजुरी. आयएलओची व्याख्या शिक्षेची धमकी आणि संमतीचा अभाव यांवर उभी आहे. म्हणजे आपली व्याख्या जास्त रुंद. तीच खोपी, तोच मजूर, पण व्याख्या बदलली की मोजणी बदलते.

आता ऊसतोडीची साखळी डोळ्यांपुढे आणा. कारखाना, वाहतूकदार, मुकादम आणि शेवटी कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामाआधी गावात उचल दिली जाते. ती लिहिलेली असते मुकादमाच्या वहीत. फिटली नाही तर पुढच्या हंगामावर जाते. कारखान्याच्या रजिस्टरात या जोडीचं नाव शोधायला जाऊ नका. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी असं नाही. उचल घेतल्यामुळे सोडून जायचं स्वातंत्र्य गेलं का, मजुरी बुडाली का, हे पाहावं लागतं. पण हिशेबाचा आकार मलेशियासारखाच आहे. कर्ज आधी, दुसऱ्या जागी, दुसऱ्याच्या वहीत. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी महाराष्ट्रातली ही साखळी बहुराष्ट्रीय शीतपेय कंपन्यांपर्यंत जोडून दाखवली, तेव्हा बातमी बाहेरून आली. कोणत्याही निवेदनातून नाही.

कलम १५ कागदावर कडक आहे. पण ते सुरू व्हायला आधी कोणीतरी दावा करावा लागतो, आणि दावा करणारा त्याच मुकादमाकडे पुढच्या वर्षी काम मागणार असतो. कस्टम्सच्या बंदीत माल आपोआप अडतो. इथे आपोआप काहीच अडत नाही.

आणि ‘सांगा’ प्रकार आपल्याकडेही आला आहे. सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना वार्षिक अहवालात एक तक्ता भरावा लागतो. त्यात सक्तीच्या मजुरीच्या तक्रारी किती, असा रकाना आहे. कोणत्याही दोन-चार कंपन्यांचे अहवाल उघडा. मी उघडलेल्या सगळ्या अहवालांत तिथे शून्य होतं.

यावर काम करायचं असेल तर

हे मी मलाच विचारलेले प्रश्न आहेत. प्रपोजल लिहिण्याआधी तुम्हीही विचारा.

‘शून्य’ला सेन्सर्ड डेटा समजा. आम्ही बीडीएलच्या जागी शून्य टाकून सरासरी काढत नाही, तसंच इथेही करू नका. ऑडिट आधी सांगून झालं का, मुलाखत कोणत्या भाषेत आणि कोणासमोर झाली, कंत्राटी कामगार नमुन्यात होते का, हे आधी नोंदवा. हे माहीत नसेल तर ते शून्य वापरू नका.

मोजमाप साखळीच्या दुसऱ्या टोकाला न्या. कर्ज नेपाळच्या किंवा बीडच्या गावात झालं असेल तर कारखान्याच्या गेटवर उभं राहून ते दिसणार नाही. काम सोडून घरी परतलेला माणूस मोकळेपणाने बोलतो.

कायद्याचं मूल्यमापन करताना तीन गोष्टी वेगळ्या लिहा. बोलायचं कोणी, सिद्ध करायचं कोणी, आणि गप्प राहिलं तर नुकसान कोणाचं. कायद्याच्या नावात ‘गुलामगिरी’ आहे की ‘टॅरिफ’, यापेक्षा ही तीन उत्तरं जास्त सांगतात.

आणि आउटकम म्हणून असं काही निवडा जे कामगाराच्या हातात मोजता येतं. परत मिळालेले पैसे, परत मिळालेला पासपोर्ट, हंगामाच्या मध्यात सोडून जाता येणं. यातलं काहीच पीडीएफमध्ये मिळत नाही, म्हणून हा अभ्यास कठीण आहे. म्हणूनच तो अजून पुरेसा झालेला नाही.

आमच्या पुरवठादाराला मी पुन्हा ईमेल केली आहे. या वेळी दोनच प्रश्न विचारले. कामगारांनी नोकरीसाठी किती पैसे भरले हे तुम्ही कोणाला, कुठे विचारलं? आणि भरले असतील तर परत दिले का? अजून उत्तर नाही. आले तर इथेच लिहीन, जसं आहे तसं.